गोसिनींच्या पात्रांतून उलगडणारे वाढते वय

बलाढ्य रोमन सैन्याला दाद न देणारा चिमुकला अॅस्टेरिक्स आणि त्याचा अगडबंब मित्र ऑबेलिक्स जगभरच्या वाचकांच्या परिचयाचे आहेत. त्यांचे कथालेखक रेने गोसिनी यांना मात्र अवघे ५१ वर्षांचे आयुष्य लाभले.

पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबात १४ ऑगस्ट १९२६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या नोकरीमुळे त्यांचे बालपण अर्जेंटिनातील ब्यूनोस आयर्स येथे गेले. १९४३मध्ये वडिलांचे अकाली निधन झाले आणि सतरा वर्षांच्या रेनेंना हिशेबनिसाच्या हाताखाली नोकरी धरावी लागली. युरोपातील काही आप्त नाझींच्या छळछावण्यांत बळी पडले. १९४५मध्ये आईसह न्यूयॉर्क गाठल्यावर बेकारी आणि एकटेपणाशी झुंजावे लागले. १९५१मध्ये चित्रकार अल्बेर उडेर्झो यांची भेट झाली आणि आयुष्याला वळण मिळाले.

या प्रवासाच्या खुणा त्यांच्या पात्रांत दिसतात. जाँ-जाक सांपे यांच्या चित्रांनी नटलेला शाळकरी निकोला म्हणजे निर्धास्त बालपण. त्याचे वडील रोज संध्याकाळी कचेरीतून घरी परततात. पोरक्या झालेल्या लेखकाने ही साधी गोष्ट किती मायेने जपली असेल! मॉरिस यांच्या लकी ल्यूकसाठी गोसिनींनी १९५५पासून कथा लिहिल्या. प्रत्येक साहसानंतर मावळतीकडे एकटाच निघणारा हा घोडेस्वार घरापासून दूर फेकल्या गेलेल्या तरुणासारखा भासतो. १९६२मध्ये अवतरलेला वजीर इझ्नोगुड म्हणजे खलिफाच्या गादीसाठी झुरणारी प्रौढ वयातील महत्त्वाकांक्षा.

२९ ऑक्टोबर १९५९ रोजी 'पिलोत' साप्ताहिकात अवतरलेल्या अॅस्टेरिक्सकडे जाणत्याचे शहाणपण आहे. लहानपणी जादूच्या काढ्यात पडलेला ऑबेलिक्स मात्र देहाने वाढला, मनाने मूलच राहिला. शहाणपण आणि निरागसता यांची ही मैत्री वाचकांनी डोक्यावर घेतली.

५ नोव्हेंबर १९७७ रोजी पॅरिसमध्ये हृदयाची तपासणी सुरू असतानाच गोसिनींचे निधन झाले. बेल्जियमच्या सफरीवरचे अॅस्टेरिक्सचे पुस्तक तेव्हा अपुरे होते. उडेर्झोंनी ते पूर्ण केले. पण मित्र गेल्यानंतर काढलेल्या पानांवर आभाळ भरून आले आणि पाऊस कोसळू लागला. आयुष्यभर हसवणाऱ्या लेखकाला त्याच्याच पात्रांच्या जगात वाहिलेली ती आदरांजली होती.