डिंकाने सोडवलेला तेलविहिरीचा पेच

वांकिडीवरून चंद्रपूरकडे जाणाऱ्या मालमोटारींत भरले जाणारे डिझेल भूगर्भातील खनिज तेलापासून मिळते. ते तेल वर आणण्यासाठी यंत्रबळाइतकीच रसायनशास्त्राचीही गरज असते, हे भारतात ज्यांनी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून दाखवून दिले, ते शास्त्रज्ञ म्हणजे सर शांतिस्वरूप भटनागर.

२१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबातील भेरा येथे त्यांचा जन्म झाला. ते अवघे आठ महिन्यांचे असताना पितृछत्र हरपले आणि त्यांचे बालपण आजोळी गेले. आजोबा अभियंता असल्याने यंत्रांची गोडी त्यांना तेथेच लागली. १९२१ मध्ये लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते मायदेशी परतले. काही वर्षे बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापन केल्यानंतर १९२४ मध्ये त्यांनी लाहोरच्या पंजाब विद्यापीठातील रासायनिक प्रयोगशाळांची धुरा स्वीकारली.

याच काळात रावळपिंडीजवळ तेल शोधणारी अटक ऑइल कंपनी मोठ्या अडचणीत सापडली होती. विहीर खोदताना नळीतून पातळ चिखल खाली सोडला जातो. तो छिद्रकाला थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर आणतो आणि विहिरीच्या भिंतींना आधार देतो. मात्र भूगर्भातील खारे पाणी मिसळताच हा चिखल थिजून घट्ट होई आणि खोदकाम ठप्प पडे. मातीच्या सूक्ष्म कणांवरील विद्युतभार त्यांना परस्परांपासून दूर ठेवतो. क्षारांमुळे तो प्रभाव क्षीण होतो व कण एकवटतात, हे भटनागरांनी ओळखले. चिखलात देशी डिंक मिसळण्याचा त्यांचा उपाय साधा होता, परंतु त्यामुळे चिखल पातळ व स्थिर राहू लागला.

प्रसन्न झालेल्या कंपनीने संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. भटनागरांनी स्वतःचा लाभ नाकारून ती विद्यापीठाकडे वळवली आणि तिच्यातून पेट्रोलियम संशोधनाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. मेणाचा वास घालवणे, रॉकेलच्या ज्योतीची उंची वाढवणे असे प्रश्न तेथे हाताळले गेले.

१९४२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. तिच्या जडणघडणीत भटनागरांचा वाटा सिंहाचा होता. १९५० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. स्वतंत्र भारतात तेलशुद्धीकरण कारखाने यावेत म्हणून त्यांनी परदेशी कंपन्यांशी वाटाघाटीही केल्या. १ जानेवारी १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी हैदराबादची रासायनिक प्रयोगशाळा परिषदेत सामील झाली.

आज जुन्या तेलक्षेत्रांत उरलेले तेल मिळवण्यासाठी पाण्यात पॉलिमर मिसळून ते खडकात सोडले जाते. खाऱ्या पाण्यात असा पदार्थ कसा टिकवावा, हा प्रश्न आजही विद्यापीठांतील संशोधकांसमोर आहे. लाहोरच्या त्या प्रयोगशाळेत भटनागरांनी हाताळलेला प्रश्न त्याच जातकुळीचा होता.