लंडनच्या गल्लीगल्लीला गरिबीचा रंग देणारा जहाजमालक : चार्ल्स बूथ

१८८० च्या दशकातलं लंडन. जगातल्या सगळ्यात श्रीमंत शहरांपैकी एक. पण त्याच शहराच्या ईस्ट एंड भागात एकेका खोलीत अख्खं कुटुंब राहायचं. लंडनमध्ये गरीब नेमके किती, यावरून जोरात वाद सुरू होता. समाजवादी म्हणायचे, प्रचंड आहेत. सुखवस्तू मंडळी म्हणायची, उगाच फुगवून सांगताय, आणि जे आहेत ते दारूपायी आहेत. गंमत म्हणजे खात्रीचा आकडा दोघांकडेही नव्हता.

तो आकडा काढायला बसला एक व्यापारी. नाव चार्ल्स बूथ.

बूथ यांचा जन्म १८४० साली लिव्हरपूलचा. वडील धान्याचे व्यापारी. चार्ल्स यांनी भावासोबत कातड्याचा धंदा केला, मग ब्राझीलला जाणाऱ्या बोटींची कंपनी काढली. पैसा भरपूर आला. १८७१ मध्ये मेरी मेकॉले यांच्याशी लग्न झालं. भारतात इंग्रजी शिक्षण आणणाऱ्या मेकॉलेची ही पुतणी.

समाजवाद्यांचे दावे बूथ यांनाही पटत नव्हते. पण पेपरात पत्र लिहून उत्तर देण्यापेक्षा त्यांनी १८८६ मध्ये स्वतःच्या खर्चाने मोजणी सुरू केली.

माहिती मिळवली कशी?

लाखो घरांची दारं ठोठावणं शक्य नव्हतं. पण ते काम आधीच करणारे लोक होते. पोरं शाळेत जातात की नाही हे बघायला स्कूल बोर्डाचे कर्मचारी वर्षानुवर्षं घरोघर फिरत. कुणाचा बाप काय काम करतो, किती पोरं, किती खोल्या, सगळं त्यांना माहीत. बूथ आणि त्यांचे सहकारी या कर्मचाऱ्यांना तासन्‌तास प्रश्न विचारून वह्या भरत. त्यावरही न थांबता बूथ स्वतः ईस्ट एंडमधल्या कुटुंबांकडे भाडेकरू म्हणून राहिले.

मग या माहितीचा नकाशा झाला. प्रत्येक रस्त्याला रंग दिला. पिवळा म्हणजे श्रीमंत, लाल म्हणजे सुखवस्तू, गुलाबी म्हणजे बरं चाललेलं, जांभळा म्हणजे मिश्र वस्ती, फिका निळा म्हणजे गरीब, गडद निळा म्हणजे कायमची चणचण आणि काळा म्हणजे सगळ्यात खालचा थर. लालभडक मोठ्या रस्त्याच्या मागेच काळी गल्ली, हे लोकांना पहिल्यांदाच असं डोळ्यांनी दिसलं.

आकडा काय निघाला?

१८८९ मध्ये पहिला खंड आला. ईस्ट एंडमध्ये ३५ टक्के लोक गरीब. पुढे सगळ्या लंडनचा आकडा आला ३०.७ टक्के. म्हणजे जे फुगवलेलं वाटत होतं, ते खरं तर कमीच होतं.

कारणांचा हिशोब तर आणखी बोलका होता. सुमारे ४ हजार गरीब कुटुंबांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निम्म्याहून जास्त ठिकाणी कारण निघालं काम न मिळणं किंवा अपुरी मजुरी. दारू, उधळपट्टी अशा सवयी साधारण सात-आठ घरांमागे एका घरात. स्टेप्नी भागात सरकारी मदतीवर जगणाऱ्यांमध्ये जवळपास एक तृतीयांश लोकांना तिथे आणलं होतं म्हातारपणाने. आता म्हातारं होणं हा तर कुणाचा दोष नव्हे.

म्हणून बूथ यांनी मागणी लावून धरली, की ६५ वर्षांवरच्या प्रत्येकाला आठवड्याला ५ शिलिंग पेन्शन द्या. १९०८ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला. वयाची अट ७० आणि फक्त कमी उत्पन्नवाल्यांना, पण रक्कम तीच, ५ शिलिंग.

पण सगळं चांगलंच होतं का?

नाही. अगदी तळातल्या लोकांबद्दल बूथ यांची भाषा कठोर होती. कायम चणचणीत असणाऱ्यांना वेगळ्या श्रम-वसाहतींत हलवावं, असं त्यांनी सुचवलं होतं. आणि नुसती जागा हेरून गरिबी हटत नाही, हेही लंडननेच दाखवलं. ओल्ड निकोल ही बदनाम झोपडपट्टी पाडून तिथे १९०० साली नवी वसाहत उभी राहिली. जुन्या साडेपाच हजारांहून जास्त रहिवाशांपैकी मोजकेच तिथे परतले. बाकीचे शेजारच्या गल्ल्यांत दाटीवाटीने गेले. एका गल्लीचा रंग सुधारला, माणसांचा नाही.

बूथ १९१६ मध्ये गेले. तोवर त्यांचं काम १७ खंडांचं झालं होतं. त्यांच्या वाटेने सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहर मोजलं. राउंट्रींची पद्धत इंग्लंडमधल्या एका खेड्यात वापरून पाहणारे हॅरॉल्ड मान पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांनी पुण्याजवळच्या एका खेड्याची घरोघर पाहणी करून १९१७ मध्ये पुस्तक काढलं. ते खेडं म्हणजे आजचं पिंपळे सौदागर. बहुतेकांची शेती घर चालवायला पुरत नाही, हे तिथे आकड्यांत दिसलं.

आज नीती आयोग जिल्ह्याजिल्ह्याची गरिबी मोजतो, तेव्हा प्रश्न बूथ यांचेच असतात. गरीब कुठे आहेत, किती आहेत आणि कशामुळे आहेत? यातला तिसरा प्रश्न सुटला, की पेन्शनऐवजी नुसता बुलडोझर येतो.