ओट्टो रोह्म : विष्ठेऐवजी विकर

धुण्याच्या पावडरीच्या पाकिटावर आज ‘एन्झाइम’ हा शब्द सर्रास दिसतो. एन्झाइमना, म्हणजेच विकरांना, धुण्याच्या कामी लावणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ म्हणजे ओट्टो रोह्म. त्यांचा जन्म १८७६ सालचा. ट्युबिंगेन विद्यापीठातून १९०१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी कातडी कमावताना ती चुन्यात भिजवून केस काढत. त्यामुळे फुगून ताठ झालेली कातडी मऊ करण्यासाठी कुत्र्यांची किंवा कबुतरांची विष्ठा कोमट पाण्यात कालवून वापरत. काम किळसवाणे, शिवाय परिणाम बेभरवशाचा. स्टुटगार्टच्या गॅस कारखान्यात नोकरी करताना तिथल्या सांडपाण्याचा वास रोह्म यांना चर्मालयातल्या वासासारखा वाटला. त्या पाण्यावर त्यांनी प्रयोग केले, पण कातडी मनासारखी होईना. पुढे एडुआर्ड बुखनर यांचे विकरांवरील संशोधन वाचून त्यांना उलगडा झाला. खरे काम विष्ठेतील पाचक विकरे करत होती! मग जनावरांच्या स्वादुपिंडाच्या अर्कापासून त्यांनी ‘ओरोपॉन’ बनवले. १९०७ मध्ये मित्र ओट्टो हास यांच्यासह कंपनी काढली आणि चर्मालयांतून विष्ठा हद्दपार होऊ लागली.

कातडीतील प्रथिने तोडणारे विकर कपड्यांवरील रक्त, दूध, अंडे यांचे डागही तोडेल, हा त्यांचा पुढचा तर्क. त्यातून १९१४ मध्ये ‘बर्नस’ ही धुण्याची पावडर बाजारात आली. तिच्यात धुण्याचा सोडा आणि स्वादुपिंडाचा अर्क होता. मात्र सोड्याच्या अल्कधर्मी पाण्यात हे विकर फार काळ टिकत नसे. त्या पाण्यात तग धरणारी, जिवाणूंपासून मिळवलेली विकरे १९६०च्या दशकात धुण्याच्या पावडरींत रुळली. ते पाहायला रोह्म नव्हते. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

विकर टिकवण्याचा प्रश्न आजही आहे. मळ सोडवणाऱ्या अनेक पृष्ठसक्रिय पदार्थांच्या रेणूला विद्युतभारित डोके आणि तेलकट शेपूट असते. डोके विकराच्या विरुद्ध भाराच्या भागाला चिकटते, शेपूट आत शिरते आणि विकराची घडी उलगडते. घडी मोडली की विकर निकामी. म्हणून आता कोलीन, अमिनो आम्ले अशा जैविक घटकांपासून आयनिक द्रव, म्हणजे १०० अंश सेल्सिअसच्या आत वितळणारे क्षार, बनवून त्यांचे पृष्ठसक्रिय गुण तपासले जातात. मात्र घटक नैसर्गिक असले म्हणजे विकर सुरक्षित राहतेच असे नाही. शेपटीची लांबी आणि पदार्थाचे प्रमाण यांवरही ते ठरते. मळ निघावा, विकर टिकावे आणि वापरानंतर पदार्थाचे निसर्गात विघटन व्हावे, या तिन्ही अटी एकत्र पाळण्याची खटपट अजून सुरू आहे.