अहिल्याबाईंची प्रतिमा

महेश्वरी एकदा एक ब्राह्मण स्वतः रचलेला ग्रंथ घेऊन आला. ग्रंथभर अहिल्याबाई होळकरांची स्तुती होती. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग आपण एक दुर्बळ, पापी स्त्री असून अशा स्तुतीस पात्र नाही, असे सांगून तो नर्मदेत टाकविला. ग्रंथकाराची पुढे विचारपूसही झाली नाही. बिचारा बिदागीच्या आशेने आला असावा!

बाईंचा जन्म इ. स. १७२५ मध्ये चौंडी येथे झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि पुढल्याच वर्षी पुत्र मालेराव निवर्तले. ही संधी साधून रघुनाथराव दौलतीवर चालून आले, तेव्हा बाईंनी फौज सज्ज केली. माधवराव पेशव्यांनीही त्यांचाच पक्ष घेतला. सैन्य तुकोजी होळकरांकडे सोपवून त्यांनी १७९५ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, राज्यकारभार पाहिला.

एवढी सत्ता हाती असूनही आज्ञापत्रांवर त्या श्रीशंकराचे नाव घालीत. महेश्वरच्या टांकसाळीतील नाण्यांवर शिवलिंग व बिल्वपत्र असे. आपली प्रतिमा उभारण्याची हौस त्यांना नव्हती. ते काम इतरांनी केले.

सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यात ठिकठिकाणी चौकशी करून १८२३ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. लोक वाढवून सांगत असतील, अशी शंका त्याला प्रथम होती. परंतु चौकशी करावी तसतसा त्याचा आदर वाढत गेला. ग्रंथ बुडविल्याची हकीकतही त्यानेच टिपून ठेविली. पुढे १८४९ मध्ये हिंदुस्थान कधीही न पाहिलेल्या जोआना बेली या कवयित्रीने माल्कमच्या आधारे बाईंवर इंग्रजी काव्य रचले.

चित्रकारांनी तर एकच रूप रूढ केले: शुभ्र वस्त्र, मस्तकी पदर, तळहातावर शिवलिंग. ते खोटे नव्हे. काशीविश्वनाथाचे मंदिर त्यांनीच पुन्हा उभारले. पण ह्या चित्रात दररोज दरबारी बसून फिर्यादी ऐकणाऱ्या, हिशेब तपासणाऱ्या अहिल्याबाई दिसत नाहीत. डोंगरवाटांवर लूटमार करणाऱ्या भिल्लांना त्यांनी आधी जरब बसविली. नंतर वाटेने जाणाऱ्या मालावर अल्प कर घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला, आणि वाटसरूंच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्याच माथी ठेविली.