विश्लेषण : ‘सुमो’ नावामागचे सुमंत मुळगावकर कोण? पिंपरीत गाडीआधी त्यांनी काय उभारले?

‘टाटा सुमो’ हे नाव जपानी कुस्तीवरून आलेले नाही, ते एका मराठी अभियंत्याचे आहे, असा संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरत असतो. नावाची माहिती खरी आहे. १९९४ मध्ये आलेल्या या गाडीचे नाव सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधील पहिली दोन-दोन अक्षरे जोडून तयार झाले. संदेशात बहुधा धाब्यावर ट्रकचालकांसोबत जेवणाऱ्या साहेबाची गोष्टही असते. मात्र मुळगावकरांचे मोठे काम पाहायचे तर पिंपरी-चिंचवडकडे पाहावे लागते.

मुळगावकर टाटा समूहात कसे आले?

जन्म ५ मार्च १९०६, मुंबई. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी सिमेंट उद्योगात, एसीसी कंपनीत काम केले. १९४९ मध्ये ते टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये आले. १९४५ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी तेव्हा जमशेदपूरला रेल्वे इंजिने बनवण्याच्या कामात होती. पुढची जवळपास ४० वर्षे कंपनीचा कारभार आणि मुळगावकर हे समीकरण राहिले. जे.आर.डी. टाटांनंतर कंपनीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

जर्मन करारातून कोणता प्रश्न उभा राहिला?

१९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी १५ वर्षांचा करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली. ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा असे. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला आणि त्या जागी टाटांचे ‘टी’ चिन्ह आले. चिन्ह बदलणे सोपे होते. परक्याच्या आराखड्याविना नवी गाडी बनवता येईल का, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्याचे काम करार संपण्याआधीच, १९६६ मध्ये पुण्याजवळ सुरू झाले होते.

पिंपरी-चिंचवडच का?

मुंबई-पुणे रस्ता आणि रेल्वेमार्ग जवळ होता. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या रूपाने १९५४ पासून पिंपरीत मोठा उद्योग होता. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यावर उद्योगांना सलग जमीन मिळू लागली. अभियंते देणारे पुणे शहर शेजारीच होते.

पहिली गाडी यायला ११ वर्षे का लागली?

मुळगावकरांची कार्यपद्धती इथे दिसते. पुण्याचे काम १९६६ ला सुरू झाले, पण येथून पहिले व्यावसायिक वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. मधल्या काळात आधी गाडी बनवणारी साधने बनवण्यावर भर होता. पत्र्याला दरवाजाचा किंवा बॉनेटचा आकार देणारा साचा म्हणजे डाय. सुटा भाग नेमक्या जागी धरून ठेवणारी चौकट म्हणजे फिक्स्चर. ही अवजारे परदेशातून आणायची तर परकीय चलन आणि सरकारी परवाना लागे. शिवाय गाडीच्या आकारात बदल करायचा तर पुन्हा परदेशाकडेच पाहावे लागे. म्हणून अवजारे व यंत्रे बनवणारा विभाग, संशोधन केंद्र आणि अप्रेंटिस मुलांचे प्रशिक्षण यांवर आधी पैसा खर्च झाला. विक्रीतून लगेच काही हाती न देणारा हा खर्च वर्षानुवर्षे करत राहणे ही जोखीम होती.

त्याच काळात खडकाळ, उजाड जमिनीवर मुळगावकरांनी झाडे लावून घेतली, आवारात तळे केले. आज त्या तळ्यावर पाणपक्षी येतात. झाडालाही वाढायला वेळ द्यावा लागतो, हा हिशेब त्यांच्या कारखान्याच्या नियोजनाशी जुळणारा होता.

या गुंतवणुकीचे फळ कधी दिसले?

१९८० च्या दशकात टोयोटा, निस्सान, मित्सुबिशी आणि माझदा या जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसोबत हलक्या ट्रकच्या बाजारात उतरल्या. टेल्कोने १९८६ मध्ये स्वतः आरेखन केलेला ‘४०७’ आणला. तेव्हा मुळगावकर ८० वर्षांचे होते. ‘४०७’ बाजारात टिकला आणि भाजीवाल्यापासून शाळेच्या बसपर्यंत सर्वत्र पोहोचला. टोयोटा आणि निस्सान यांच्या त्या भागीदाऱ्या मात्र टिकल्या नाहीत.

शेवटची वर्षे कशी होती?

१९८८ मध्ये कंपनीची सूत्रे रतन टाटांकडे गेली. १ जुलै १९८९ रोजी मुळगावकरांचे निधन झाले. त्यानंतर तीनच महिन्यांत पुणे कारखान्यातील कामगार संघर्ष टोकाला गेला. सप्टेंबरमध्ये शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसलेल्या कामगारांना पोलिसांनी उचलले. यंत्रे आणि कौशल्य उभे करता आले तरी व्यवस्थापन आणि कामगार यांच्यातील विश्वास कायमचा बांधून ठेवता येत नाही, हे त्या संघर्षाने दाखवले.

मुळगावकरांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या पत्नी लीला मुळगावकर देशातील ऐच्छिक रक्तदान चळवळीच्या अग्रणी होत्या. १९६३ मध्ये, पतीच्या आधीच, त्यांना पद्मश्री मिळाली होती.

चाकणशी याचा काय संबंध?

करार संपून २६ वर्षे झाल्यावर, १९९५ मध्ये, मर्सिडीजच्या मोटारींची जोडणी टेल्कोच्याच पिंपरीतील आवारात सुरू झाली. २००९ मध्ये मर्सिडीजने चाकणला स्वतःचा कारखाना थाटला. त्याच सुमारास फोक्सवॅगन आणि महिंद्रही तिथे आले. जमीन आणि सवलती इतर राज्येही देत होती. पिंपरी, चिंचवड, भोसरीत मात्र सुटे भाग पुरवणारे लघुउद्योग, डाय बनवणाऱ्या टूलरूम आणि शिकलेले हात तयार होते. टेल्को, बजाज यांसारख्या कारखान्यांभोवती ते दशकानुदशके वाढले होते. पहिल्या गाडीआधीची ती ११ वर्षे त्या तयारीचाच भाग होती.