ब्लेझ पास्कल

जो फार विचार करतो त्याची श्रद्धा डळमळते, आणि ज्याला श्रद्धा टिकवावयाची असेल त्यानें फार विचार करूं नये, असा समज पुष्कळ घरांतून आढळतो. मुलांना उच्च शिक्षणासाठीं पाठवितांना कित्येक आईबापांच्या मनांत हीच धास्ती असते. ह्या समजाला आपल्या आयुष्यानेंच उत्तर देणारा एक पुरुष सतराव्या शतकांत फ्रान्स देशांत होऊन गेला. विज्ञानाच्या तासाला त्याचें नांव विद्यार्थ्यांच्या कानीं पडलेंच असेल; कारण दाबाच्या एककाला इ. स. १९७१ पासून त्याचें नांव मिळालेलें आहे. हा पुरुष म्हणजे ब्लेझ पास्कल होय.

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजीं क्लेर्माँ ह्या गांवीं झाला. तो तीन वर्षांचा असतांना त्याची आई वारली. बाप एत्येन हा सरकारी अधिकारी असून स्वतः चांगला गणिती होता. इ. स. १६३१ मध्यें मुलांना घेऊन तो पॅरिस येथें राहावयास आला व ब्लेझला त्यानें घरींच शिकविलें. आधीं भाषा पक्क्या व्हाव्या म्हणून भूमितीचीं पुस्तकें त्यानें दूर ठेविलीं होतीं. परंतु बारा वर्षांचा ब्लेझ फरशीवर कोळशानें आकृति काढीत बसे. आणि त्रिकोणाचे तीन कोन मिळून दोन काटकोन होतात हें तो आपल्याच बुद्धीनें शोधीत असल्याचें एके दिवशीं बापाला दिसून आलें, असें त्याच्या बहिणीनें लिहून ठेविलें आहे. सोळाव्या वर्षीं त्यानें शंकुच्छेदांवर निबंध लिहिला. पुढें बापाला रूआँ येथें करवसुलीचे हिशेब करीत रात्री जागवाव्या लागत. ते श्रम वांचावे म्हणून इ. स. १६४२ मध्यें ह्या मुलानें आंकडेमोड करणारें यंत्र बनविण्यास आरंभ केला. तें मनाजोगतें उतरेपर्यंत त्यानें सुमारें पन्नास नमुने तयार केले.

निसर्गाला पोकळी सहन होत नाहीं, असें त्या काळचे पंडित प्राचीनांच्या आधारानें मानीत. इटलींतील तोरिचेली याच्या पाऱ्याच्या नळीचा प्रयोग ऐकून पास्कलला वाटलें कीं, पारा वर धरून ठेवणारी शक्ति म्हणजे हवेचें वजनच असावें. आणि तसें असेल तर उंच डोंगरावर पारा खालीं उतरला पाहिजे. त्याच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिये हा १९ सप्टेंबर १६४८ रोजीं प्वी द दोम नांवाच्या डोंगरावर चढला. एक नळी पायथ्याच्या मठांत पहाऱ्याखालीं ठेविली होती. तिच्यांतील पारा दिवसभर हलला नाहीं. शिखरावरच्या नळींत मात्र तो तीन इंचांहून अधिक खालीं आला. सृष्टीच्या नियमांविषयीं वाद पडला म्हणजे निकाल वडिलांच्या वचनानें नव्हे, तर प्रयोगानें लावावा, हें पास्कलचें ठाम मत होतें. तथापि देवाविषयींचें ज्ञान ह्या मार्गानें मिळत नाहीं, हेंहि तो तितक्याच ठामपणें म्हणे.

इ. स. १६५१ मध्यें बाप वारला. पुढच्याच वर्षीं धाकटी बहीण जाक्लीन ही पास्कलच्या मनाविरुद्ध पोर्ट रॉयलच्या मठांत गेली. इ. स. १६५४ मध्यें फर्मा ह्या गणित्याशीं पत्रव्यवहार करून त्यानें संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला. कीर्ति होती, मित्र होते. पण अंतःकरण रितें होतें. त्याच वर्षीं २३ नोव्हेंबरच्या रात्रीं सुमारें दोन तास त्याला ईश्वराच्या सान्निध्याचा उत्कट अनुभव आला. तत्त्वज्ञांच्या वादांतून हातीं न लागणारा देव आपणांस येशू ख्रिस्ताच्या द्वारें भेटला, असा त्याचा आशय त्यानें लिहून काढला आणि तो लेख आपल्या अंगरख्याच्या अस्तरांत शिवून घेतला. त्याच्या मृत्यूनंतरच तो चाकराच्या हातीं लागला. आठ वर्षें हा मनुष्य तो लेख उराशीं बाळगून होता. पण त्याचा त्यानें कोठेंहि गाजावाजा केला नाहीं.

श्रद्धा आली म्हणून पास्कलनें बुद्धि टाकून दिली काय? मुळींच नाहीं. इ. स. १६५६ व १६५७ ह्या सालीं त्यानें टोपणनांवानें अठरा पत्रें प्रसिद्ध केलीं. कित्येक धर्मशास्त्री, त्यांत विशेषतः जेझुइट पंथाचे, सूक्ष्म तर्क लढवून पापाला पळवाटा काढून देतात, असा त्याचा आक्षेप होता. त्याची लेखणी कांहीं ठिकाणीं अन्यायी झाली असें मानणारे अभ्यासक आहेत, आणि रोमच्या धर्मपीठानें त्या पत्रांवर बंदी घातली. परंतु त्यांतील मूळ मुद्दा आजहि आपल्या घरांत लागू पडतो. चुकीचें काम करावयाचें मनांत आलें म्हणजे त्याला कारण पुरविण्यास बुद्धि एका क्षणांत धांवून येते. नक्कल करणारा विद्यार्थी आणि खोटें माप देणारा व्यापारी, दोघांच्याहि जवळ युक्तिवाद तयारच असतो. म्हणून तीक्ष्ण बुद्धीला सरळ अंतःकरणाची जोड पाहिजे.

शेवटलीं वर्षें आजारांत गेलीं. ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ एक ग्रंथ लिहिण्याचा त्याचा बेत होता. त्यासाठीं केलेलीं टिपणें इ. स. १६७० मध्यें छापण्यांत आलीं. बुद्धि अजीबात नाकारणें आणि बुद्धीपलीकडे कांहींच न मानणें, ह्या दोहोंनाहि तो सारखीच चूक समजे. इ. स. १६६२ च्या मार्चमध्यें पॅरिसमध्यें ठराविक मार्गांनीं जाणाऱ्या पांच सू भाड्याच्या गाड्या सुरू झाल्या; ती कल्पना त्याचीच. त्यांतील आपल्या मिळकतीचा पैसा आगाऊ घेऊन ब्ल्वा येथील गोरगरिबांकडे पाठवावा, अशी त्याची इच्छा होती.

त्याच उन्हाळ्यांत त्यानें घरांत आश्रय दिलेल्या एका गरीब कुटुंबांतील मुलाला देवी आल्या. पास्कलची शुश्रूषा करण्यास थोरली बहीण जिल्बेर्त येत असे. तिच्या मुलांना रोग लागण्याचें भय होतें. म्हणून त्या मुलाला दुसरीकडे हलवावें अशी गोष्ट निघाली. पास्कल स्वतः अंथरुणास खिळण्याच्या बेतांत होता. तरी त्यानें विचार केला कीं, घर बदलण्यांत मुलाच्या जिवाला धोका अधिक व आपल्याला कमी. आणि आपलें घर त्या मुलाला सोडून तो बहिणीच्या घरीं गेला. तेथून तो परतला नाहीं. १९ ऑगस्ट १६६२ रोजीं वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं त्याचें देहावसान झालें.

संभाव्यतेचें गणित ज्यानें जगाला दिलें, त्यानें आयुष्याच्या शेवटीं मांडलेला हिशेब हा असा होता. तो बुद्धीनें मांडला होता; पण त्यांत आपल्यापेक्षां एका गरीब पोराचा जीव आधीं धरावा, हें त्याला प्रभूच्या प्रीतीनें शिकविलें होतें. विद्यार्थी मित्रांनो, शंका आली तर ती निर्भयपणें विचारा. सत्याला प्रश्नांचें भय नसतें. आणि पालकांनीं मुलांच्या विचारशक्तीला भिऊं नये. त्या शक्तीचा उपयोग तीं कोणासाठीं करतात, इकडे मात्र त्यांनीं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावें.