ॲनी सुलिव्हन : घराचीच शाळा करणारी शिक्षिका



हेलन केलरची गोष्ट आपण सगळेच वर्गात सांगतो. पंपाचं पाणी हातावर पडलं, शब्द कळला आणि गोष्ट संपली! पण तिच्या बाईंचं, म्हणजे ॲनी सुलिव्हनचं, मोठं काम त्याच्यानंतर सुरू झालं. ते आज पाहूया.

ॲनीचा जन्म १८६६ चा, अमेरिकेतला. घरची गरिबी, लहानपणीच आई गेली, डोळे अधू. काही वर्षं अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात काढली. नंतर बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत शिकून ती १८८६ मध्ये बाहेर पडली. ३ मार्च १८८७ ला, वयाच्या विसाव्या वर्षी, ती अलाबामातल्या टस्कंबिया गावी केलर यांच्या घरी आली. हेलन तेव्हा सात वर्षांचीही नव्हती. १९ महिन्यांची असताना झालेल्या आजारात तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली होती.

घरच्यांचा जीव होता, पण दयेपोटी तिला कोणी अडवत नसे. जेवताना ती सर्वांच्या ताटात हात घाली. ॲनीने ते थांबवलं आणि घरात वादळ उठलं. शेवटी तिने हेलनला घेऊन बागेतल्या छोट्या घरात सुमारे दोन आठवडे मुक्काम केला.

ॲनी तळहातावर बोटांनी अक्षरं काढून शब्द शिकवायची. मार्चअखेर हेलनला १८ नामं आणि ३ क्रियापदं येत होती. ५ एप्रिलला पंपाजवळ तिला उमगलं की प्रत्येक वस्तूला नाव असतं.

आता खरी गंमत बघा. घरात हेलनचं एक चुलत भावंड होतं, सव्वा वर्षाचं. त्याला कोणी तास घेऊन शिकवत नव्हतं. दिवसभर कानावर पडणाऱ्या बोलण्यातूनच ते शिकत होतं. हे पाहून ॲनीने ठरावीक वेळेचे पाठ बंद केले. बाळाच्या कानाशी बोलावं तसं ती हेलनच्या हातावर दिवसभर पूर्ण वाक्यांत बोलू लागली. कळो न कळो! झाडाखाली, नदीकाठी, खेळताना, सगळीकडे शिकणं सुरू झालं. ऑगस्टअखेर हेलनला सहाशेहून जास्त शब्द येत होते. पुढे कॉलेजच्या वर्गातही ॲनी शेजारी बसून व्याख्यानं तिच्या हातावर उतरवत राहिली. १९०४ मध्ये हेलन रॅडक्लिफ कॉलेजातून पदवीधर झाली. ॲनी १९३६ मध्ये वारली, तोवर दोघींची साथ सुटली नाही.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा हक्क दिला. पण आठवड्यातून एखाद्या भेटीत आपण किती शिकवणार? उरलेले सगळे तास मूल घरच्यांजवळच असतं. म्हणून पुढच्या गृहभेटीत वर्कशीट देण्याआधी आईबाबांना एवढंच विचारा, दिवसभरात या लेकराशी पूर्ण वाक्यात कितीदा बोलणं होतं? आंघोळ घालताना, भाजी निवडताना, भाकरी भरवताना? आवाजाने, खुणेने, स्पर्शाने, जसं त्याला पोहोचेल तसं. त्याचं उत्तर येईल म्हणून थांबू नका. ॲनीही थांबली नव्हती.